शेजाऱ्याचा खांदा

आमच्या गावात मयताला घरचा माणूस हात लावत नाही. खड्डा शेजारी खणतो, खांदाही शेजारीच देतो. ज्याची शवपेटी घरच्यांना उचलावी लागली, त्याला गावात कोणी नव्हतं असं समजावं.

१८३० साली बेल्जियम हॉलंडपासून वेगळा झाला, तेव्हा मी शाळेत मुलांकडून नव्या देशाचा नकाशा काढून घेतला. आमच्या गावाकडेची मास नदी निळ्या खडूनं, दोन्ही काठ आपले. सगळ्यांत सुबक नकाशा लँबर्टचा, नावाडी सर्व्हासच्या मुलाचा.

"देश म्हणजे काय हो, मास्तर?" त्यानं विचारलं.

"ज्याच्यासाठी माणूस घर सोडतो, तो."

तेव्हा हे वाक्य मला फार आवडलं होतं. पुढच्या ऑगस्टात डच फौज चालून आली आणि लँबर्टनं घर सोडलं. लढाई दहा दिवसांत संपली. तो पेटीतून परतला. पुढचा खांदा माझा होता.

आठ वर्षांनी मोठ्या राजांनी लंडनमध्ये बसून नदीवरच रेघ ओढली. पलीकडचा काठ बेल्जियमचा, आमचा हॉलंडचा. सर्व्हासनं पलीकडे जायचं ठरवलं. मुलाला इथं ठेवून जायला तो तयार नव्हता. पाद्रीबाबांनी परवानगी दिली, हाडं एका लहान पेटीत भरली.

"सोमवारी सकाळी येता ना, मास्तर?" तो आमच्या दारात उभा होता. "एका खांद्याचं काम आहे."

"सोमवारी हॉलंडचे नवे साहेब शाळा तपासायला येतायत रे. माझी नेमणूक अजून..."

"लोहाराची गाय सोमवारी व्यायची आहे. पाववाल्याची कंबर सोमवारी धरणार आहे. सोमवारचं गावाशी काय वाकडं आहे, कळत नाही."

माझी बायको ओडिलिया आतून म्हणाली, "भाऊजी, ह्यांचं धैर्य खडूचं आहे. ओलं फडकं फिरलं की गेलं."

सर्व्हास हसला. मी नाही.

सोमवारी साहेबांनी मुलांना नकाशा काढायला सांगितला. आता नदी कडेला होती. तेवढ्यात खिडकीतून सर्व्हास जाताना दिसला, पेटी स्वतःच्याच खांद्यावर.

"मास्तर," छोटी ट्रुडा मोठ्यानं म्हणाली, "सर्व्हासकाकांना कोणीच नाही का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"नकाशाकडे बघ," मी म्हणालो.

इतक्या वर्षांत मुलाच्या प्रश्नाला मी असं उत्तर कधी दिलं नव्हतं.

दुपारी साहेब गेले आणि मी नदीकडे धावलो. नाव अजून काठालाच होती. सर्व्हास पेटी मांडीवर घेऊन बसला होता. इतका वेळ कोणासाठी थांबला होता, ते विचारायची हिंमत मला झाली नाही.

"दे ती माझ्याकडे. पलीकडे उतरेपर्यंत तरी."

"शेजाऱ्यानं उचलायची असते, मास्तर." त्यानं दोर सोडला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुम्ही आता परदेशात राहता."

वल्ही मारायला दोन्ही हात लागतात, म्हणून त्यानं पेटी पायांत धरली. मी काठावर उभा राहिलो. पलीकडे कोणी अनोळखी माणूस कुरणात गवत कापत होता. नाव लागताच त्यानं विळा खाली ठेवला, टोपी काढली आणि सर्व्हासच्या हातातून पेटी आपल्या खांद्यावर घेतली.