घाटाची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी डोंगरी सायकल आहे. चालून चालून जुनी झाले असते तर अभिमानाने सांगितलं असतं. पण मी नुसती उभी राहून जुनी झाले. पुनावळ्यात सोपानरावांच्या बंगल्याखाली, पाण्याच्या मोटारीशेजारी माझी जागा आहे. मला आता कशाचाच कंटाळा येत नाही, इतका कंटाळा आला आहे.

माझी जोडणी चाकणजवळच्या एका शेडमध्ये झाली. जाड नळ्या, रुंद टायर, पुढे धक्के झेलणारा शॉकअप आणि मागेही शॉकअप. डोंगराच्या माथ्यावरून दगडधोंड्यांतून सुसाट खाली यायचं, एवढ्याच कामासाठी मला घडवलं होतं. चढ माझ्या कुंडलीत नव्हता.

सोपानरावांची लेक अपेक्षा हिंजवडीला कामाला आहे. तिथल्या रहदारीत तिला अपघात झाला आणि उजवा पाय मोडला. हाड जुळलं, पण पायावरचा तिचा विश्वास काही जुळेना. डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, तेव्हा तिने मनाशी ठरवलं की गावामागच्या टेकडीवर एकदा तरी पाय न टेकता पोचायचं. पोचली तर पाय बरा झाला, असं ती समजणार होती.

दुकानात तिने हलकी, पुढेच शॉकअप असलेली सायकल मागितली. सोपानरावांनी ती एका हाताने उचलली आणि तोंड वाकडं केलं. हा माणूस बैलगाड्याच्या शर्यतीतला जुना शौकीन. खूर, छाती, चाल पाहून बैल पारखावा तर त्यांनीच. ते माझ्याभोवती फिरले आणि बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी त्यांनी माझ्या सीटवर थाप मारली. दुकानदार म्हणाला, "काका, ती घाटातली गाडी आहे, उतारासाठी."

इथेच घोटाळा झाला, मित्रांनो. आमच्या भागात शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात, आणि तिथे बैल चढावर पळतात. सोपानरावांच्या कानात 'घाटातली' एवढंच शिरलं.

"घाटातली हाय? मंग हीच द्या. माझ्या लेकीला चढ जानवायचा न्हाई."

अपघातानंतर सोपानराव, म्हणजे तिचे आप्पा, पहिल्यांदाच खुलले होते. अपेक्षाला त्यांचं मन मोडवेना.

मग दर रविवारी आमची फरफट सुरू झाली. तिने पायडल मारलं की माझा मागचा शॉकअप खाली बसायचा आणि तिचा अर्धा जोर तिथेच जिरायचा. वर माझं वजन. पाण्याच्या टाकीच्या वळणाशी तिचा पाय जमिनीला टेकायचाच. ती उजव्या मांडीवर चापट मारायची आणि म्हणायची, "हा पाय गेला माझा." मला वाटायचं, ओरडून सांगावं की बाई, पाय चांगला आहे, मीच चुकीची आहे. पण सायकलला घंटी असते, जीभ नसते. शेवटी तिने टेकडीचं नाव सोडलं आणि ती पुन्हा कंपनीच्या कॅबने जाऊ लागली. मला दसऱ्याला हार मिळायचा, बाकी वर्षभर धूळ.

गेल्या हिवाळ्यात तिची ऑफिसातली मैत्रीण मोनिका आपली हलकी सायकल घेऊन आली. अपेक्षा नको नको म्हणत असताना मोनिकाने टेकडीच्या पायथ्याशी सायकली बदलल्या. टाकीच्या वळणाशी मोनिकाने मला एका दगडाला टेकवलं आणि ती धापा टाकत खाली बसली. अपेक्षा मात्र पुढे गेली. वळणाआड दिसेनाशी झाली, आणि थोड्या वेळाने थेट माथ्यावर दिसली. ती दोन्ही हात वर करून रडत होती. मलाही फार बरं वाटलं, आणि फार वाईटही.

घरी येऊन ती वडिलांसमोर उभी राहिली. "आप्पा, माझा पाय बरा झालाय. कधीचाच झाला होता."

सोपानराव तिच्याकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. "मंग हिच्यात काय खोट हाय?"

"हिच्यात काही खोट नाही. ही उताराची आहे. आपण हिला चढाला जुंपलं."

ते माझ्याशेजारी मोटारीच्या ओट्यावर बसले. माझ्या सीटवरची धूळ हाताने पुसत म्हणाले, "शर्यतीचा बैल मी कदी नांगराला जुंपला न्हाई. अन् लेकीच्या टायमाला ही चूक केली व्हय."

आता अपेक्षाकडे तिच्या मापाची, हलकी सायकल आहे. मला एकदा पिकअपमध्ये घालून माथ्यावर नेऊ, असं आप्पा म्हणतात. त्यांचे गुडघे दुखतात, दिवस जातात, मी वाट पाहते.

मित्रांनो, सायकल घ्यायला जाल तेव्हा आधी आपली वाट सांगा, मग सायकल बघा. चढ जमला नाही तर पायांना बोल लावण्याआधी एकदा सायकल बदलून पाहा. आणि तुमच्याही घरात माझ्यासारखी कोणी भिंतीला टेकून उभी असेल, तर तिला हार घालू नका. तिला एकदा उतार दाखवा.