खोडलेली ओळ

सभागृहातली चाळीस माणसं श्वास रोखून पडद्याकडे बघत होती. ऑनलाइन समुपदेशन शिकवणारे ‘अंतर्यामी सर’ पडद्यावर डोळे मिटून बसले होते.

“तिसऱ्या रांगेतल्या काकू, वडिलांशी शेवटचं बोलणं राहून गेलं ना? कॅमेऱ्यातून मला मनाच्या लहरी दिसतात. कोर्स पूर्ण करा, तुम्हालाही दिसतील.”

काकू हमसून रडल्या. टाळ्या पडल्या. एकदा जमलं तर कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणावं. इथे कावळा रोज बसायचा आणि फांदी रोज मोडायची.

त्याच वर्गात शिकणाऱ्या नर्सबाईंनी मात्र टाळी वाजवली नाही. शेजारी त्यांची धाकटी बहीण होती. आठवड्यापूर्वी सरांनी तिचं पोटातच गेलेलं बाळ सगळ्यांदेखत ‘ओळखलं’. घरात कुणालाच ते ठाऊक नव्हतं. वर म्हणाले, “गोळ्यांनी लहरी अडतात.” झालं, डॉक्टरांनी नैराश्यावर दिलेल्या गोळ्या बंद. चार दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, हात थरथरत होते.

“बाळाचं तू कुणाला सांगितलं होतंस?” नर्सबाईंनी तिला विचारलं.

“कुणालाच नाही, ताई. प्रवेशाच्या अर्जात ‘सर्वांत मोठं दुःख’ असा रकाना होता. लिहिलं, लाज वाटली, खोडलं. ‘काही नाही’ लिहून पाठवलं.”

त्याच दुपारी नर्सबाईंनी पुढच्या वर्गाचा अर्ज उघडला. ‘माझा जुळा भाऊ नदीत बुडाला’ असं लिहून अक्षर न् अक्षर पुसलं आणि ‘काही नाही’ लिहून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सर कळवळले. “नर्सबाई, खोल पाणी दिसतंय... तुमच्यासारखाच चेहरा...”

“मला भाऊच नाही, सर. आम्ही दोघी बहिणी. तुमचा अर्ज टाइप होता होताच अक्षरं साठवतो, खोडलेलीसुद्धा. तेच तुम्ही वाचून दाखवता.”

“तुमच्या मनात शंका आहे.”

“ती ओळखायला लहरी कशाला?”

पडदा काळा झाला. “नेटवर्क गेलं असेल,” काकू पुटपुटल्या. पितळ उघडं पडलं तरी विश्वास लगेच सुटत नाही.

“पण माझं तर खरं होतं,” बहीण म्हणाली. “कुणीतरी न सांगता ओळखलं, म्हणून हलकं वाटलं गं.”

नर्सबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या दिवसांत त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

त्या सगळ्यांना म्हणाल्या, “मन कुणालाच दिसत नाही. उद्या समुपदेशनासाठी आपल्याकडे माणसं येतील तेव्हा ओळखून दाखवू नका. विचारा, आणि ती सांगेपर्यंत थांबा. खोडलेलं चोरून वाचू नका.”

मग बहिणीकडे वळल्या. “आत्ता डॉक्टरांकडे जाऊ. बाळाचं नाव ठरवलं होतंस का?”

बहीण बराच वेळ काही बोलली नाही. नर्सबाई थांबल्या.