मोगऱ्याचा भात

रावजींनी पहिला घास तोंडाजवळ नेला आणि तसाच ताटात टाकला.

"भाताला वास येतोय."

आमटी वाढायला वाकलेली त्यांची सून वेदिका तशीच थबकली. "कसला, बाबा?"

"कसला म्हणजे? अगरबत्तीचा! मोगरा! मी जेवायला बसलोय का देवळात?"

वेदिकाला कसलाच वास येत नव्हता. येणार कुठून? सातपूरच्या अगरबत्ती कारखान्यात नऊ वर्षं लेबलं लिहून तिचं नाक पार मेलं होतं. तिथे सगळ्यांचंच मरतं. डोकं मात्र शाबूत होतं आणि त्यात आता एकच गोष्ट घणघणत होती. तांदळाचा डबा. त्या डब्याच्या तळाशी तिने पासपोर्ट लपवला होता. पिशवीत गुंडाळून. पिशवी मोगऱ्याच्या नमुन्यांची निघाली म्हणजे! हे मेलेल्या नाकाला कसं कळावं?

कारखान्याचा माल प्रागला नेणाऱ्या बाईंनी तिला एक शब्दकोश दिला होता. लेबलांवरचे इंग्रजी शब्द चेक भाषेत करून दे, म्हणाल्या. वेदिका वही घेऊन हट्टाने बसली. फ्रेग्रन्स म्हणजे वून्ये. सेंट म्हणजे वून्ये. अरोमा? घ्या, तेही वून्ये! परफ्यूमला तेवढा वोन्याफ्का असा लाडिक वेगळा शब्द. इंग्रजीत चांगल्या वासाचा एवढा पसारा आणि या लोकांचं एका शब्दावर भागतं, याचं तिला हसू यायचं. पोळ्या लाटतानाही ती घोकायची. वही बघून बाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी तिला तीन महिने प्रागच्या दुकानात कामाला बोलावलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिला नावानिशी बोलावलं होतं.

रावजींनी एका वाक्यात निकाल लावला, "आपल्या घरातल्या बायका परदेशात दुकानं सांभाळणार नाहीत." नवरा ललित, ओझरच्या विमान कारखान्यात कामाला, बूट घालता घालता म्हणाला, "बाबा म्हणतील तसं." संपलं. पूर्वी कारखान्याने काढून दिलेला पासपोर्ट परत करून टाकला, असं वेदिकाने घरात सांगितलं. उद्या तो व्हिसासाठी कारखान्यात द्यायचा शेवटचा दिवस होता.

"माझ्या हाताचा वास असंल," कोपऱ्यातून आवाज आला. सासूबाई, मालनबाई, मांडीवर पाट घेऊन बत्त्या वळत होत्या. "वळता वळता उठून तांदूळ धुतले."

वेदिकाने चमकून पाहिलं. धादांत खोटं! घरी येतो तो कच्चा माल, बिनवासाचा. सुगंधात बुडवतात ते कारखान्यात. बायको वीस वर्षं वळत होती, पण रावजींनी त्यातली एक काडी हातात घेतली असेल तर शपथ.

तरी ते उठले. डब्याचं झाकण उघडून त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. तळ ढवळला. वेदिकाने ओट्याची कड घट्ट धरली. आता सापडतो, आता सापडतो.

हातात आले ते तांदूळ. ते हुंगून रावजींनी तोंड वाकडं केलं. "सगळा डबा नासवलाय! मी चौकात मिसळ खाऊन येतो." चपला फटफटवत ते निघून गेले.

वेदिकाने डब्यावर झडप घातली. दोन्ही हातांनी तांदूळ उपसले. पिशवी नव्हती. पासपोर्टही नव्हता. तिला एकदम रडू कोसळलं.

"आठ दिस झाले, वास मारतोय," मालनबाई मान वर न करता म्हणाल्या. "तुझं नाक गेलंय, माझं नाय. सकाळी काढला."

"आई, द्या ना तो मला. पाया पडते तुमच्या."

मालनबाईंनी एक काडी वळून बाजूला ठेवली. मग दुसरी.

"येवल्याहून या घरात आले, ती आलेच. मधी कुठं उतरले नाय." त्यांनी वेदिकाकडे पाहिलं. "तू परत येशील ना?"

"येईन, आई."

"हां. मग तो गठ्ठा उद्या तू ने कारखान्यात. मधे धर नीट. सोडू नको."

वळलेल्या बत्त्यांचा गठ्ठा दाराशी बांधून ठेवला होता. वेदिकाने तो उचलला. कागदाआडून काहीतरी चपटं, टणक बोटांना लागलं. तिने गठ्ठा छातीशी धरला आणि तशीच उभी राहिली.

"काय म्हणतात गं तिकडं? पोळ्या लाटताना घोकतीस ते?"

"वून्ये."

"वून्ये," मालनबाईंनी म्हणून पाहिलं. मग पाट बाजूला सारून त्यांनी रावजींचं ताट पुढे ओढलं आणि भात कालवायला घेतला.

"आई, तो कशाला खाताय? टाकून देऊ."

"डबाभर तांदूळ टाकला तर इचारतील ते. त्यांना दुसरा शिजवीन." मालनबाईंनी मोठा घास घेतला, डोळे मिटून गिळला. "हा डबा मला पुरंल तीन महिने."