अलमेलूची मान

अलमेलूने केळीच्या पानावर भात वाढला आणि साराची पळी हातात धरून थांबली. पूर्वी भातात आळं करून ते वर बघायचे, मगच ती सार ओतायची. आज भगव्या छाटीतल्या स्वामींनी मान वर केली नाही.

"वाढ, अम्मा," सेतुराम म्हणाला. "स्वामींना ऊन चढायच्या आत मठात पोचायचंय."

वडिलांना 'स्वामी' म्हणायची सवय मुलाला लवकर लागली होती.

मार्गळी महिन्यात त्यांचा ताप डोक्यात गेला, तेव्हा कुंभकोणमच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. मठातले पद्मनाभाचार्य खाटेशी बसून म्हणाले, "शेवटच्या घटकेला संन्यास घेतला तर पुन्हा जन्म नाही, असं शास्त्र सांगतं. पण बायकोचा होकार हवा." सगळ्यांनी अलमेलूकडे पाहिलं. खाटेवरून त्यांनीही पाहिलं. जन्मभर हा माणूस मोक्षाचंच बोलत आला, आता आपण कशाला आडवं यायचं, असं वाटून तिने मान हलवली. त्यांनी घोगऱ्या आवाजात संन्यासाचे शब्द म्हटले, जानवं काढून दिलं.

आणि मग ताप उतरला.

म्हटलेले शब्द परत घेता येत नाहीत. हिंडूफिरू लागल्यावर ते याच घराच्या दारातून, मागे न बघता, कावेरीकाठच्या मठात राहायला गेले.

"यमाने सोडला आणि मठाने धरला," शेजारची पंकजा म्हणाली होती. "तुझं कुंकू तरी राहिलं, अक्का. बाकी काय, नवरे घरात असून कुठे बोलतात?"

आज मुलाने आमंत्रण दिलं म्हणून ते भिक्षेला आले होते. सेतुराम पाणी काढायला विहिरीवर गेला. रहाट करकरू लागला.

"एक विचारते," अलमेलू पानाकडे बघत म्हणाली. "तेव्हा संन्यास तुमच्या मनात होता ना?"

भात कालवणारी बोटं थांबली.

"तू नको म्हणशील, या आशेने तुझ्याकडे बघत होतो."

रहाट थांबला. सेतुराम तांब्या घेऊन आत आला. तिने घाईने आणखी सार वाढायला पळी पुढे केली, तर स्वामींनी पानावर हात आडवा धरला.

निघताना सेतुराम पाया पडला.

"नारायण," स्वामी म्हणाले.

मग अलमेलू पदर सावरून वाकली. ती बराच वेळ उठली नाही.

"नारायण," ते म्हणाले, अगदी त्याच आवाजात.