ग्रँड कढीपत्ता

मी एक जुना कढीपत्ता आहे. आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात, उर्मिलाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, कुंडीत राहतो. माझ्या पानांशिवाय या घरात वरणाला फोडणी पडत नाही, त्यामुळे माझा थोडा रुबाब आहे.

मित्रांनो, या वसंतात उर्मिलाने मला ऊन खायला मागच्या अंगणात ठेवले. ऊन कसले आणि काय! वाऱ्यापावसाने झोडपून काढले आणि फाटक्या पानांतून जिवाणू आत घुसले. त्यांना वाटले, याला ना हात ना पाय, हा काय करणार! पण पोहण्यासाठी ते ज्या शेपट्या हलवतात, त्या एका प्रथिनाच्या असतात. माझ्या पेशींवरचे पहारेकरी ते प्रथिन स्पर्शानेच ओळखतात. ओळख पटताच मी पानांची बारीक छिद्रे मिटली आणि पेशींच्या भिंती जाड केल्या. तरी काही जण पुढे सरकलेच. मग त्यांच्याभोवतीच्या माझ्या पेशींनी स्वतःहून जीव दिला आणि चोर तिथेच कोंडले गेले. बाकीच्या फांद्यांनाही सावध राहण्याचा निरोप पोचला.

मेलेल्या पेशींचे तपकिरी ठिपके तेवढे उरले. उर्मिलाने ते पाहिले आणि मला उचलून थेट ओल्या कचऱ्याच्या डब्यापाशी नेले. माझा संताप संताप झाला. लढाई जिंकलो मी, आणि कचऱ्यात मीच?

"काहून फेकून राहिली गं?" नागपूरहून आलेल्या तिच्या सासूबाई, पद्मिनीबाई, दारातून ओरडल्या.

"आई, रोग पडलाय. बाकीच्या झाडांना लागेल."

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण नूला डोकावली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आह, इट्स ग्रँड!"

पद्मिनीबाईंची मान ताठ झाली. "आयक! ती बाई याले ग्रँड म्हणते, अन् तू फेकते?"

"अहो आई, इथे ग्रँड म्हणजे नुसतं 'ठीक आहे'."

"ठीक आहे ना? मग ठेव!"

उर्मिलाला हसू फुटले. मी खिडकीत परतलो. त्यानंतर आलेल्या पालवीवर एकही डाग नाही.

मित्रांनो, ठिपके दिसले म्हणून आम्हाला टाकू नका. आधी शेंडा बघा, तो हिरवा असेल तर थोडे थांबा. पाणी पानांवर शिंपडू नका, मुळाशी घाला. जिवाणू पुन्हा येतील, हे मला ठाऊक आहे. येऊ देत. मी इथेच आहे.