ओवीच्या नावाची पेन्शन

निवृत्तीनंतरची पहिली पेन्शन खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला, तेव्हा विनोदिनीने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "अहो, यात एक शून्य राहून गेलंय का?"

हरी उतेकर हसले. "नाही गं. एवढीच असते."

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषधी रसायनांच्या एका कारखान्याचे ते प्रमुख होते. पोलादपूरच्या डोंगरातून आलेला शेतकऱ्याचा मुलगा, बी.एस्सी. करून शिफ्टमध्ये कामाला लागला आणि तिथूनच कारखान्याचा मोठा साहेब म्हणून बाहेर पडला. पगार चांगला होता, पण पेन्शनचा हिशेब पगारावर नव्हता. कायद्याने एक मर्यादा घालून दिली होती, पंधरा हजारांची. तुमचा पगार कितीही असो, पेन्शनच्या खात्यात तेवढ्या पगाराचाच हिस्सा जाणार आणि म्हातारपणी तेवढ्याचीच पेन्शन मिळणार. त्यामुळे रिॲक्टरवर उभा राहणारा ऑपरेटर आणि त्याचा साहेब यांना निवृत्तीनंतर जवळजवळ सारखेच पैसे येत होते. हरींना तेव्हा त्यात गंमत वाटली. भविष्य निर्वाह निधीत ते पूर्ण पगारावर भरत आले होते आणि ती रक्कम हाताशी होती. पेन्शनवर कुणाचं अडलंय, असं ते म्हणाले.

मग महाडला तो मोठा पूर आला. सावित्री नदीचं पाणी त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात छतापर्यंत चढलं. त्यांच्या मुलीला, ओवीला, शेजाऱ्यांच्या वरच्या खोलीत उचलून नेलं म्हणून ती वाचली. बाकी घरातलं काही वाचलं नाही. घर पुन्हा उभं करण्यात निधीचा मोठा भाग गेला. पुढच्या वर्षी ओवीच्या कमरेचं ऑपरेशन मुंबईला करावं लागलं, त्यात आणखी गेला.

ओवी त्यांची एकुलती एक मुलगी. आता तिशी ओलांडलेली. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. धरून चार पावलं टाकते, भरवलं तर जेवते, मोजके शब्द बोलते. आई, गाडी, नको, अजून. तिच्यासाठी विनोदिनीने लग्नाआधीपासूनची बँकेतली नोकरी सोडली होती. दर रविवारी दोघं तिला जवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेत. पाण्यात पाय सोडले की तिचे आखडलेले गुडघे सैल पडत आणि ती मोठ्याने हसत बसे. तिथे येणारे लोक वळून बघत. आईबापांना आता त्याचं काही वाटत नसे.

ज्यांनी पूर्ण पगारावर निधी भरला, त्यांना पेन्शनही पूर्ण पगारावर घेता येईल, असा मोठ्या कोर्टाचा निकाल आला. अट एकच, पेन्शनच्या खात्यात कमी गेलेला हिस्सा व्याजासकट परत भरायचा. हरींनी निकाल मुळातून वाचला, सोबत पेन्शनचे सगळे नियमही वाचले. संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले. चेहरा उजळला होता.

"विनू, माझ्यानंतर तुला पेन्शन येणार, हे आपल्याला माहीत होतं. पण मूल कायमचं अपंग असेल तर तुझ्यानंतर ते मूल जिवंत असेपर्यंत त्याला पेन्शन मिळते. वयाची अट नाही."

"आत्ताच्या हिशेबाने किती?"

"हजार-बाराशे."

"आणि पूर्ण पगाराच्या हिशेबाने?"

हरींनी आकडा सांगितला. विनोदिनीने गॅस बारीक केला आणि ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "पैसे एकदम कुणाच्या हातात दिले तर पैसे राहतील त्याच्याकडे, ओवी राहील की नाही सांगता येत नाही. पण ही पेन्शन ती आहे तोवरच येणार. म्हणजे ती जगावी, असं कुणाला तरी दर महिन्याला वाटत राहील."

हरींच्या डोक्यात हे आलं नव्हतं. बायकोचं बोलणं ऐकायला कठोर होतं, पण ती खोटं काही बोलत नव्हती.

विमा कंपनीकडेही त्यांनी चौकशी केली. परत भरायची तेवढीच रक्कम तिकडे गुंतवली तर दरमहा जे आलं असतं, त्यात ओवीचं खाणं भागलं असतं. तिला भरवणारं माणूस ठेवता आलं नसतं. म्हणून त्यांनी पेन्शनचाच अर्ज केला. कारखान्यात आता मनुष्यबळ विभाग सांभाळणारा विनीत हरींच्या हाताखाली तयार झालेला होता. त्याने कंपनीची संमती लगेच जोडून दिली. "सर, तुमचं काम होणारच," तो म्हणाला.

त्याच भरवशावर ते पोलादपूरला प्रियदर्शिनी मॅडमना भेटले. गावाबाहेर त्या ओवीसारख्या मोठ्या झालेल्या मुलामुलींसाठी निवासी घर चालवत होत्या. स्वच्छ खोल्या, दोन आया, अंगणात फणसाचं झाड. मॅडम स्पष्ट बोलणाऱ्या होत्या.

"मला मोठी देणगी नको. देणगी देऊन गेलेल्या नातेवाइकांनी पुन्हा तोंड दाखवलेलं नाही, आणि देणगी दोन वर्षांत संपते. मुलगी पुढे तीस-चाळीस वर्षं राहणार. तुमच्यानंतर दर महिन्याला नक्की काय येणार, ते मला दाखवा."

"पेन्शन येणार," हरी म्हणाले. "अर्ज केलाय."

ओवीला पंधरा दिवस तिथे राहू देऊन बघायचं ठरलं. आईपासून ती कधी एक रात्रही लांब राहिली नव्हती. पहिले दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिथल्याच मानसी नावाच्या मुलीने तिचे केस विंचरायला घेतले आणि रडं थांबलं. मानसीला विंचरायला फार आवडायचं आणि ओवीला विंचरून घ्यायला. विनोदिनी भेटायला गेली तेव्हा ओवीने तिच्याकडे बघून ओळखीचं हसू दिलं आणि पुन्हा डोकं मानसीपुढे केलं. परतताना विनोदिनी गाडीत रडली. हरींना वाटलं, तिच्या मनाला लागलं. "नाही हो," ती म्हणाली, "तिला माझ्याशिवाय करमलं! मला वाटलं नव्हतं हे बघायला मिळेल."

मॅडमनी खिडकीजवळची एक खाट ओवीसाठी राखून ठेवली.

अर्ज दोन वर्षं फिरत राहिला. जुन्या पगाराचे तपशील मागवले गेले, ते दिले. पुन्हा मागवले, पुन्हा दिले. शेवटी एका दुपारी विनीत स्वतः घरी आला. फोन न करता आला, तेव्हाच विनोदिनीने ओळखलं. तिने त्याच्यापुढे पाणी ठेवलं आणि ती दारालाच टेकून उभी राहिली.

"सर, नामंजूर झालं."

"कारण?"

"आपल्या कंपनीचा भविष्य निर्वाह निधी सरकारकडे नाही, आपल्याच ट्रस्टकडे होता ना. ट्रस्टच्या नियमावलीत लिहिलंय की वर्गणी मर्यादेपर्यंतच्या पगारावर घ्यायची. तुमची पूर्ण पगारावर कापली गेली. पेन्शन कार्यालय म्हणतं, तुमचे जास्तीचे पैसे तुमच्याच ट्रस्टच्या नियमात बसत नव्हते, त्यामुळे पूर्ण पगाराची पेन्शन देता येत नाही."

"तीस वर्षं कापले," हरी म्हणाले. "दर वर्षी हिशेब तपासला गेला. कोणी एकदाही म्हणालं नाही."

"नाही म्हणालं, सर."

"मग नियम बदला. मी मालकांशी बोलतो."

"आता बदलून उपयोग नाही, सर. मागच्या तारखेने चालत नाही. विचारून आलोय."

विनीतने मान खाली घातली. हरींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याची काही चूक नव्हती. कुणाची होती, हे नीट सांगताही आलं नसतं. नियम लिहिणारा माणूस हरी नोकरीला लागण्याआधीच वारला होता.

तरी ते मुंबईकडच्या पेन्शनच्या कार्यालयात गेले. तिथल्या अधिकारी बाई सौम्य होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ओवीचा फोटोही पाहिला. म्हणाल्या, "काका, मला कळतंय. पण यात माझ्या हातात काही नाही." बाहेर बाकावर दुसऱ्या कंपन्यांतून निवृत्त झालेले आणखी काही साहेबलोक बसले होते. ते मिळून कोर्टात जाणार होते. किती वर्षं लागतील, असं हरींनी विचारलं. त्यांच्यातला एक जण ऐंशीचा होता. तो म्हणाला, "आपण असू तोवर निकाल लागला तर बरं."

मग हरी गावी गेले. कापडे गावाच्या पुढे डोंगरात त्यांचं घर होतं. थोरला भाऊ हैबती अजून शेती बघत होता. त्याचा मुलगा साहिल औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला होता आणि रोज मोटारसायकलने ये-जा करायचा. हरींनी सगळं सांगितलं. महाडचं घर साहिलच्या नावावर करतो, ओवीला तुम्ही बघा, असं म्हणाले.

हैबती लगेच म्हणाला, "आरं, घर कशाला नावावर करतोस? आमी हाय ना रे! आपली पोर हाय ती."

"दादा, तू सत्तरीचा झालास."

"मंग? साहिल हाय, आवडी हाय."

साहिलने आत स्वयंपाकघराकडे बघितलं. त्याची बायको आवडी आत भाकऱ्या थापत होती. ती हात पुसत बाहेर आली. दोन लहान मुलांची आई, अंगाने किडकिडीत.

"काका, खोटं बोलू का खरं?" तिने विचारलं.

"खरं बोल."

"ओवीताईला उचलायचं, धुवायचं, भरवायचं, त्यातलं मला काय घाण वाटायचं नाय. पण माझी सासू आजारी पडली तवा तिचं मी तीन वर्षं केलं. शेवटी शेवटी मी तिच्यावर ओरडायची. एकदा हात पन उचलला. कुनाला ठाव नाय. ओवीताई तर मला सांगू पन शकायची नाय की वयनी मारू नको." तिचे डोळे भरून आले. "महिन्याचं कायतरी येत असतं तर हाताखाली एक बाई ठेवली असती. नुसत्या घराच्या भिंती घेऊन मी काय करू? नाय म्हनत नाय मी. पन हो बी म्हनवत नाय."

"गप गो," हैबती म्हणाला. पण हळूच म्हणाला.

हरी तिच्यावर रागावले नाहीत. उलट, इतक्या दिवसांत त्यांच्याशी एवढं खरं कोणी बोललं नव्हतं. तिच्या मुलांच्या हातात खाऊ देऊन ते निघाले.

प्रियदर्शिनी मॅडमना मात्र दोघं मिळून भेटले. ओवीही बरोबर होती, कारण घरी तिच्याजवळ थांबायला कोणी नव्हतं. मॅडमनी ऐकलं. त्यांच्याकडे खाटेसाठी दुसऱ्या मुलाचे आईवडील थांबलेले होते. त्या मुलाच्या वडिलांची सरकारी नोकरी होती, म्हणजे त्यांच्यानंतर मुलाला पेन्शन नक्की होती.

"तुम्ही आहात तोवर अधूनमधून आणा तिला," त्या म्हणाल्या. "पुढचं मी कबूल केलं आणि निभावलं नाही तर ते पाप मला नको."

निघताना ओवीला मानसी दिसली. आईचा हात ओढत ती तिच्यापर्यंत गेली, खाली बसली आणि तिने डोकं पुढे केलं. मानसीने फणी आणली. विनोदिनी आणि हरी उभे राहिले. विंचरून झालं, वेणी झाली. "चल बाळा," विनोदिनी म्हणाली. "अजून," ओवी म्हणाली. मानसीने वेणी सोडून पुन्हा घातली. "अजून." तिसरी वेणी सुरू होण्याआधी हरींनी तिला काखेत हात घालून उचललं, तेव्हा ती ओरडायला लागली. गाडीत बसवेपर्यंत तिने त्यांच्या मनगटाला चावून रक्त काढलं.

महामार्गावर आल्यावर ती थकून झोपली. विनोदिनी पुढे बघत म्हणाली, "एक सांगू? रागावू नका."

"बोल."

"मी देवापुढे हात जोडते ना, त्या वेळी काय मागते ठाऊक आहे? हिला आमच्या आधी ने, म्हणते. खूप वर्षं झाली. आई असून मागते."

हरींनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. आरशात मागे झोपलेली ओवी दिसत होती.

"मीही तेच मागतो," ते म्हणाले.

बाजूने ट्रक जात राहिले. मग हरींनी गाडी सुरू केली.

त्या आठवड्यात ओवीला ताप चढला. सकाळी विनोदिनीने भरवायला घेतलं तर घास गिळेना, श्वास घरघरत होता, ओठ निळसर झाले होते. विनोदिनी किंचाळली, "अहो, गाडी काढा!" हरी अनवाणीच धावले. दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यात ते हॉर्नवरचा हात काढत नव्हते. मागे विनोदिनी ओवीचं डोकं उंच धरून तिच्या पाठीवर थापट्या मारत ओरडत होती, "श्वास घे गं बाई, घे, घे माझ्या सोन्या!" दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर यायची वाट न बघता हरींनी तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि ते आत पळाले. चौसष्टाव्या वर्षी ते कसं जमलं, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

छातीत कफ साठला होता. ऑक्सिजन लावला, सलाईन चढवलं. तीन दिवस दोघं तिच्या उशाशी होते. ना जेवले, ना नीट झोपले. चौथ्या दिवशी ओवीने डोळे उघडले, नाकातली नळी ओढायला बघितली आणि म्हणाली, "नको." विनोदिनीने तिच्या कपाळाचे, गालांचे मुके घेतले.

राउंडला आलेले डॉक्टर तरुण होते, खुशीत होते. त्यांनी छाती तपासली, रिपोर्ट पाहिले.

"वेळेवर आणलंत. आता काही काळजी नाही. तशी प्रकृती खणखणीत आहे हिची. हृदय, किडनी, सगळं एकदम उत्तम." त्यांनी ओवीच्या गालावर टिचकी मारली. "सत्तर-ऐंशीपर्यंत काही होत नाही हिला!"

"हो ना," विनोदिनी म्हणाली.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. हरींनी पेजेची वाटी उचलली, चमच्याने ढवळून फुंकर घातली आणि पहिला घास ओवीच्या तोंडाशी नेला.