कुंडाची नऊ बोटं

बाबांनी जन्मभर धर्मग्रंथ शिकवला आणि मी गणित, त्यामुळे आमच्या घरात जेवण कधी शांतपणे झालं नाही. भांडण एकच. ग्रंथात एक गोल कुंड आहे: या काठापासून त्या काठापर्यंत दहा हात, भोवती तीस हात. आता दहा हातांच्या कुंडाला भोवती एकतीसच्या वर दोरी लागते, हे माझ्या वर्गातलं शेंबडं पोरही सांगेल.

बाबांचं उत्तर ठरलेलं. "काठ चार बोटं जाड होता. रुंदी बाहेरून मोजली, घेर आतून."

"माणूस तोच, दोरी तीच, मग एकदा बाहेर नि एकदा आत उड्या कशाला मारेल? आणि तुमचं धरलं, चोवीस बोटांचा हात घेतला, तरी घेरात नऊ बोटं जास्तीची उरतातच."

त्या नऊ बोटांवरून आम्ही आईचं डोकं उठवलं. ती गेली तरी आमचं मिटलं नाही.

आता बाबा हॉस्पिटलच्या खाटेवर होते आणि काही खात नव्हते. डॉक्टरांनी मला दाराबाहेर गाठून सांगितलं, "पोटात चार घास गेले, अंगात त्राण आलं, तर ऑपरेशन करू. माणूस वाचेल. पण असं उपाशी असताना हात लावता येणार नाही."

मी सुपाची वाटी नि चमचा घेऊन बसले. विनवण्या केल्या, रागावले, आईची शपथ घातली. बाबांचे ओठ मिटलेलेच. हट्टीपणात आम्ही दोघं एकाच माळेचे मणी, पण आज मीच हरले होते. शेवटी वाटलं, ह्यांना आयुष्यात जे मिळालं नाही ते देऊन टाकावं. त्या आनंदात तरी दोन घास उतरतील.

"बाबा, मी परत हिशेब केला. तुमचंच बरोबर आहे."

त्यांनी डोळे उघडले. "आणि नऊ बोटं?"

"दोरी ताणली की तेवढा फरक पडतो. सोडून द्या ती."

बाबांनी वाटी हळूच बाजूला सारली.

"म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले."

"नाही! उलट ते म्हणाले..."

"मी वाचणार असतो, तर तू मला त्यातलं एक बोटसुद्धा सोडलं नसतंस."

"खोटं बोलले मी! चूक आहे तुमचं, ठार चूक! तीस येतच नाहीत!" मी इतकी ओरडले की शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला.

बाबांनी माझा हात थोपटला. "असू दे गं. ऐकून बरं वाटलं." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी त्यांच्या पाठीशी भांडत राहिले. रुंदी सांगितली, घेर सांगितला, काठाची जाडी वजा केली, तीही मुद्दाम चुकीची. "बाबा, चुकतेय मी, ऐकताय ना? सांगा ना कुठे चुकतेय."